पळणीत उघडा राहिलेला दवाखाना

बुधवार, १७ डिसेंबर

सोमवारच्या नोंदीत एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं आहे की पहिला दगड शिवाने मारला. शिवाला दगड मारताना मी पाहिलेलं नाही. काच फुटल्याचा आवाज ऐकला, जरा वेळाने मागे वळले, तेव्हा तो प्रसूतीच्या खोलीच्या दारात दगड घेऊन उभा होता. दगडाला रक्त लागलं होतं. तो काहीतरी ओरडत माझ्याच दिशेने धावत आला. एवढंच मी पाहिलं, बाकीचं जोडलं.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं एका वाक्यात घालायचं नाही, असं आत्याने मला लहानपणीच बजावलं होतं. दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. आत्याच मला दवाखान्याच्या ओसरीवर बसवून शिकवायची. नर्स पेशंटच्या कागदावर लिहितात तसं लिही म्हणायची. 'खूप ताप' लिहू नको, ताप किती ते लिही. आणि नेमकं तिचंच डोकं फुटलं त्या दिवसाबद्दल मी असं गबाळं लिहून ठेवलं.

आज पुन्हा सुरुवातीपासून लिहिते.

आमच्या देवखाजण गावात दर चार वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण होते. सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो, पलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, राहुट्या बांधतो. तीन दिवस गावात चूल पेटवायची नाही की दिवा लावायचा नाही, आत यावंच लागलं तर अनवाणी यायचं. एरवी ती मजेचीच गोष्ट असते. मानकरी आम्ही, देवाला गाऱ्हाणं माझे वडील, अप्पा घालतात, त्यांच्यानंतर माझा भाऊ विराजदादा घालणार.

मागच्या पळणीला दवाखाना योगायोगाने रिकामा होता. या वेळी दोन बाया सिझेरियन होऊन पडलेल्या. शर्मिष्ठाआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. शाळेची नोकरी संपल्यावर तिने आपल्या वाट्याच्या जमिनीत हे प्रसूतिगृह उभं केलं. गाव त्याला 'बायांचो दवाखानो' म्हणतो. तिने अप्पांना सांगितलं की टाके ओले असलेल्या बाया राहुटीत जाणार नाहीत.

अप्पा म्हणाले, "शर्मिष्ठे, धूर आपल्याच घरातसून निघालो तर मी देवाक काय सांगू?"

"सांग, दवाखान्यात विजेची शेगडी आसा. धूर येवचो नाय."

अप्पा हसले नाहीत. दादा तर उठूनच गेला.

आत्या, डॉक्टर नीरजा, नर्स संचिता आणि मी मागे राहिलो. शनिवारी वरच्या वाडीतल्या शेवंतीला राहुटीत कळा सुरू झाल्या आणि तिचा नवरा शिवा तिला रिक्षातून आत घेऊन आला. रविवारी सकाळी मुलगी झाली. मुलगी चांगली आहे. शेवंतीचं रक्त थांबेना. दवाखान्याचा ड्रायव्हर भिकाजी रुग्णवाहिका घेऊन कणकवलीला रक्ताच्या पिशव्या आणायला गेला, पण त्याला परत यायला फार उशीर झाला. दुपारी शेवंती गेली.

वेशीवर ते कसं कळलं, मला माहीत नाही. माणसं ओढ्याच्या बाजूने आली. सगळी अनवाणी होती. नंतर पोलिसांना वेशीवर चपलांचा ढीग सापडला. पळण मोडली म्हणून शिक्षा करायला येताना पळण आपल्याकडून मोडू नये, म्हणून ती चपला काढून आली होती.

मी पुढचा जाळीचा दरवाजा आतून दोन्ही हातांनी धरला होता. मागे काच फुटली. शिवा दगड घेऊन धावत आला. तेवढ्यात जाळी बाहेरून उपटली गेली आणि मी तिच्याखाली सापडले. संचिता बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. तिच्या मनगटावर बांबूचा फटका बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाळ तिने सोडलं नाही. डॉक्टरांना केसाला धरून पायरीवरून खाली ओढलं. सिझेरियनच्या एका बाईची खाट उलटी केली, तिचे टाके उसवले. बाळांना ऊब द्यायचं यंत्र कोयत्याच्या पाठीने फोडलं. फोडणारा माणूस रडत होता. त्याच्या दोन्ही मुली आमच्याकडेच जन्मल्या आहेत.

आत्या प्रसूतीच्या खोलीत शेवंतीला आंघोळ घालत होती. ती खिडकीखाली पडलेली सापडली, कानशील फुटलेलं. शिवा तिच्याजवळ दगड मांडीवर घेऊन बसला होता. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

दादा आणि अप्पा वेशीबाहेरच होते. दादाने पळण शेवटपर्यंत पाळली, आत पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी तो ठाण्याच्या आवारात मला भेटला, मला चहा पाजला, जवळ बसून हळूच विचारलं, "पयलो दगड शिवानच मारल्यान मा गो? तू थंयच होतंस." मी म्हटलं, "व्हय." जबाबातही तेच सांगितलं.

आज मी त्याला ही चूक सांगितली. तो म्हणाला, "दगड तेच्या हातात होतो ना? मगे झाला. तू इचार करून करून येडी होशीत."

तो म्हणतो ते बरोबर असेल. मला प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय आहे आणि तिचा लोकांना त्रास होतो.

गुरुवार, १८ डिसेंबर

सकाळी दादा लंगडत होता. मी टाच बघितली तर सुजून लाल झालेली. गरम पाण्यात पाय ठेवायला लावून सुईने काचेचा तुकडा काढला. बागेत कोणीतरी बाटली फोडून टाकली होती म्हणाला. तुकडा चपटा होता, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने दुधी. जखम जुनी दिसत होती, तीन-चार दिवसांची तरी. आधी का नाही सांगितलंस म्हटल्यावर म्हणाला, "तुका तुझी कामा थोडी आसत?" तो असाच आहे. आपल्या दुखण्याचा बोभाटा करत नाही.

पायामुळे त्याला गाडी चालवता येईना, म्हणून भिकाजीच्या रुग्णवाहिकेतून कणकवलीच्या इस्पितळात आत्याकडे निघाले. पुढची काच फुटलेली आहे, तिथे त्याने प्लास्टिक लावलंय. कसालला चहाला थांबल्यावर मी म्हटलं, "भिकाजीकाका, त्या दिवशी वायच आधी पोचलास असतास तर..."

त्याने कप खाली ठेवला.

"उशीर माका जावक नाय, बाय. मी येशीर उभो होतंय. जाताना सोडल्यानी, येताना आडवो बांबू घातलेलो. रगात घेवन मी थंय हात जोडून उभो, आणि माका सांगतत, पळणीत गाडी आत जावची नाय."

"कोण सांगत होते?"

"तुका खराच ठाव नाय?"

"नाय."

"मगे तुझ्या अप्पांका इचार."

पळणीचे नियम अप्पांना तोंडपाठ आहेत, रुग्णवाहिकेला सूट आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक असणार. विचारीन. रक्ताच्या पिशव्या वेशीपर्यंत आलेल्या होत्या. तिथून दवाखाना दिसतो.

आत्या झोपलेली. अर्धं डोकं भादरलंय, उजवा डोळा उघडत नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका टळला असं अजून म्हणू नका. मी तिचा हात धरून बसले. तिच्या नखांत अजून रक्त आहे. ते शेवंतीचं असेल, नाहीतर तिचं स्वतःचं.

बसल्या बसल्या मला माझा लेख आठवला. दवाखान्याला पंधरा वर्षं होतील म्हणून आत्या स्मरणिका काढणार होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बायकांनी काढलेल्या इस्पितळांवर तिने मला लिहायला सांगितलं होतं. तेव्हा शिकलेल्या डॉक्टर बायकांना कुठलंही इस्पितळ उभं करून घेत नसे. मग बायकांनीच बायकांकडून वर्गणी मागितली, कोणी माहेरचं आलेलं सगळं देऊन टाकलं, आणि आपली इस्पितळं उभी केली. आत्याला त्यांच्याबद्दल जवळच्या नातेवाइकांसारखी माया. म्हणायची, "तेंका पण गावान कमी छळूक नाय."

न्यूयॉर्कमधल्या अशाच एका दवाखान्यात एक बाळंतीण दगावली, तेव्हा तिचे नातेवाईक कुदळी-फावडी घेऊन दारात आले. डॉक्टरणी बायकांना मारून टाकतात म्हणून ओरडत होते. त्यांच्याच वस्तीतला एक मजूर मध्ये उभा राहिला आणि त्याने त्यांना परत पाठवलं. ही गोष्ट मी लेखात अगदी रंगवून लिहिली आहे. आमच्याकडे असा कोणी का निघाला नाही, हेच दिवसभर डोक्यात होतं.

अप्पांना संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, "बांबू दर पळणीक घालतत." मग देवघरात गेले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

शिवाच्या घरावर माणसं गेली.

मी ऐकलं ते आधी लिहिते: सकाळी त्यांची गवताची उडवी पेटवली. गाभण गाय दाव्याला बांधलेली होती, तिच्या मागच्या पायावर कोयता घातला. शिवाच्या आईला, काशीबाईला, अंगणात पाडून लाथा मारल्या. "तुझ्या झीलान आमचो दवाखानो फोडल्यान, आमच्या बायक मारल्यान," असं म्हणत होते.

आता मी पाहिलं ते. दुपारी काशीबाई आमच्या अंगणात आली. ओठ फाटलेला, एका बाजूचे केस मुठीएवढे उपटलेले. पदरात बाळ. मागे संचिता, हात प्लास्टरमध्ये. ती रोज दुधाची भुकटी घेऊन त्या घरी जाते, मला माहीत नव्हतं.

काशीबाई पायरीवर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "मारूक कोण इल्ले ता सांगू तुका? रविवारी तुमच्या दवाखान्यात घुसले तेच. तेंका आता देवमाणसा होवचा आसा. तू तेंका माझ्या झीलाचा नाव दिलंस."

तिने पदरातलं बाळ सावरलं.

"माझो झील भायर नव्हतोच गो. तो आत होतो, बायलेच्या पायांकडे. तुझ्या आत्येन तेका सांगलेला, तांब्यान पाणी घाल म्हणान. तो दगड कसो मारतलो? आतसून भायर?"

अप्पा ओसरीवर आले आणि म्हणाले, "काशये, घराक जा. मी बगतंय काय ता."

"तुमी बगलास म्हणानच ही वेळ इली," ती म्हणाली आणि गेली. बाळ सबंध वेळ झोपलेलं होतं.

संचिता जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "तू इतकी हुशार, गौरजा. दगडाक रगात आधी कसा लागला, ह्याचो इचार कर."

शनिवार, २० डिसेंबर

रात्रभर विचार केला. ज्या दगडाने अजून कोणालाच लागलं नव्हतं, त्याला रक्त कसं असेल? तो दगड खिडकीतून आत आला, आत्याला लागला, खाली पडला. शिवाने तो उचलला. मी वळले तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी हे स्वतःच्या हाताने सोमवारीही लिहिलं, बुधवारीही लिहिलं, आणि दोन्ही वेळा माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी संचिताला घेऊन दवाखान्यात गेले. पोलिसांची दोरी नुसतीच लोंबकळत होती. प्रसूतीच्या खोलीत काच सगळी आतल्या बाजूला पसरलेली आहे. शेवंतीला घातलेल्या पाण्याचे डाग लादीवर वाळलेत, बादली तशीच उलटी पडली आहे. इतर सगळ्या खिडक्यांना साधी काच आहे. बाळंतीण बाहेरून दिसू नये म्हणून याच एका खिडकीला आत्याने दुधी काच बसवून घेतली होती. गुळगुळीत बाजू बाहेर, दुधी आत.

मी खाली बसले. संचिताला वाटलं दम्याचा झटका आला, ती पंप शोधायला लागली.

मी तिला म्हटलं, "शिवा धावत माझ्याकडे आला तेव्हा काय ओरडत होता? तू जवळ होतीस."

"'माझी बायल मेली हा, आता आणखी कोणाक मारतास,' म्हणालो. दगड तेंका दाखयत होतो. बघा, म्हातारेक काय केलास ता. जाळी तुटली तेव्हा तुझ्यावर पडान रवलो तोच. तेच्या पाठीत दोन फटके बसले, ते तुका बसाचे होते."

जाळीखाली माझ्या अंगावर कोणाचं तरी वजन होतं, हे मला आठवतं. सोमवारी मी ते हल्ला म्हणून लिहिलं होतं, बुधवारी तर गाळलंच.

घरी आले. दादा मागच्या पडवीत लाकडं फोडत होता. बाटली कुठे फुटली होती ते दाखव म्हटलं. तो म्हणाला, साफ केली. मी म्हटलं, "दादा, तुझ्या टाचेत आत्येच्या खिडकेची काच होती."

कुऱ्हाड त्याने लाकडात तशीच ठेवली आणि उभा राहिला. मग माझ्या तोंडात मारली. मी ओंडक्यावर पडले, तोंडात रक्ताची चव आली. त्याने मला आजवर कधी हात लावलेला नाही. त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे. तो तिथेच बसला, आणि मी न विचारता बोलायला लागला.

"आमच्याच घरातल्या बायन पळण मोडल्यान. वर शिवाची बायल मेली. सगळे म्हणूक लागले, मानकऱ्यांका येक न्याय आणि आमका येक? मी पयलो मारूक नसतो तर तेंनी सगळ्यांनी मिळान आत्येक जित्ती ठेवक नसती. मी म्हटलंय, मानकऱ्यान मारल्यान म्हणजे सगळ्यांचो राग जातलो. खिडकी बंद होती. माका काय ठाव आत्या थंय वाकान उभी आसा?"

"आणि मगे?"

"मगे मागल्या दारान आत गेलंय. बघलंय तिका. आणि पळालंय."

"तिका तशीच टाकून?"

त्याने पायाजवळची ढलपी उचलून ढिगात टाकली.

"आणि बांबू?"

"बांबू अप्पांनी घालूक सांगल्यानी. रगात आसा ह्या तेंका म्हायत नव्हता. मी सांगूक नाय." मग म्हणाला, "आता तू काय करतलंस?"

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं. त्याने उठून लाकडं रचायला घेतली. एकसारखी, जाडी बघून रचत होता. माझा गाल सुजलाय. अप्पांनी जेवताना बघितला आणि भात वाढून घेतला.

रविवार, २१ डिसेंबर

आत्या शुद्धीवर आहे, हे भिकाजीने सकाळीच येऊन सांगितलं. लगेच गेले. मला वाटत होतं की ती सांगेल ते करायचं, म्हणजे सगळं सुटेल. इतकी वर्षं तसंच केलंय.

तिने आधी शेवंतीच्या मुलीचं विचारलं. मग माझा गाल बघितला.

"विराजान मारल्यान?"

"व्हय."

"म्हणजे तुका कळला." ती मग शिकवताना बोलायची तशा भाषेत बोलायला लागली. "काच फुटायच्या आधी त्याची सावली बघितली मी. त्याचे खांदे मी ओळखणार नाही का? ऐक. शिवाला आपण चांगला वकील देऊ. तो सुटेल, वेळ लागेल पण सुटेल. तुझा जबाब आहे तसाच राहू दे."

मला वाटलं मार लागल्यामुळे ती बरळते आहे. तसं म्हटलंही. ती म्हणाली, माझं डोकं फुटलंय, बुद्धी नाही.

"विराजाला पकडलं तर गाव दोन भाग होईल. अप्पा पुन्हा देवासमोर उभे राहणार नाहीत. दवाखाना उघडायला कोणाचा कौल आणणार तू? आज सगळ्यांना लाज वाटते आहे. या लाजेवर अप्पा कौल लावतील, विराज स्वतः पुढे होऊन भिंत बांधेल, आणि पुढच्या पळणीला त्या वेशीवर बांबू पडणार नाही. हे मला हवंय. याच्यासाठी मी डोकं फोडून घ्यायला तयार होते."

"तुम्ही होतात. शिवा नव्हता."

मी तिला कधी असं उलटून बोलले नव्हते. तिने माझा हात सोडला नाही.

"तुझ्या त्या अमेरिकेतल्या बायकांचं बघ," ती म्हणाली.

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्या काळातल्या काही प्रसूतिगृहांत फक्त लग्नाच्या आणि चालचलणुकीची चिठ्ठी आणणाऱ्या बायकांनाच घेत. देणगी देणाऱ्या बायकांचीच ती अट असे. चिठ्ठी नसलेली बाई कळा देत दारातून परत जायची. मी ते लेखात लिहिलं होतं. आत्याने तो परिच्छेद काढायला सांगितला. त्या अटीमुळे इस्पितळ चाललं, आणि चाललं म्हणून हजारो जगल्या, असं तिचं म्हणणं. मीही काढून टाकला होता. तेव्हा मला ते पटलं होतं. दारातून परत गेलेली बाई कोणाची कोण होती हे मला माहीत नव्हतं, म्हणून पटलं असेल.

मी म्हटलं, "आत्या, काशीबाईचे केस उपटले. गायीचा पाय तोडला. माझ्या एका वाक्यावर."

ती रडायला लागली. उघड्या डोळ्यातूनही, मिटलेल्या डोळ्यातूनही. म्हणाली, "विराज माझ्या मांडीवर वाढलाय गो." मग नर्सने मला बाहेर काढलं.

भिकाजी बाहेर वाट बघत होता. बांबूबद्दल तू पोलिसांना सांगशील का म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तू सांगशीत तर तुझ्या मागसून मी सांगतंय. आधी नाय. माझा घर त्याच गावात आसा." त्याला मी दोष देत नाही.

येताना गाडीत मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. काय सांगायचं: शिवाला दगड मारताना मी पाहिलं नाही. तो माझ्या अंगावर आडवा पडला, त्याने मार घेतला. दादाच्या टाचेतून त्या खिडकीची काच मी काढली; ती मी टाकलेली नाही, कापसात गुंडाळून औषधाच्या डबीत ठेवली आहे. हे पाहिलेलं. दादा मला काय बोलला आणि अप्पांबद्दल काय बोलला, हे ऐकलेलं. तेही सांगणार, पण ऐकलेलं म्हणून. का झालं, कोणाला किती दोष, हे मी बोलणार नाही. मला विचारलं तरी.

आत्या म्हणते तसंच होईल याची मला भीती वाटते. दवाखाना बंदच राहील, आणि पुढच्या वर्षी एखादी बाळंतीण कसालच्या रस्त्यावर रिक्षात मरेल. तेव्हा लोक म्हणतील, गौरजानं केलं. ते खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही. या सगळ्याचा विचार केल्यावरही शिवा कोठडीत आहे, आणि त्याने अजून आपल्या मुलीचं तोंड नीट पाहिलेलं नाही.

दादाला पोलिसांकडून कळावं असं मला नको होतं. संध्याकाळी दिवेलागणीला तो ओसरीवर बसला होता, तिथे जाऊन सांगितलं. शिवाला मंगळवारी मालवणच्या कोर्टात पुन्हा उभं करतील, त्या दिवशी मी जाणार, माझा जबाब चुकीचा आहे म्हणून सांगणार, आणि तुझं नाव घेणार.

तो म्हणाला, "लग्नाचा आमंत्रण दिल्यासारखा सांगतंस."

"तू आधी जावन आपणान सांग. मगे माका तुझा नाव घेवचा पडाचा नाय."

"आणि अप्पांचा?"

मी म्हटलं, ऐकलं तेवढं सांगेन.

आतून देवघरातली घंटा वाजत होती, ती थांबली. अप्पा बाहेर आले नाहीत. दादा बराच वेळ टाच चोळत बसला. पट्टी भिजली होती, बदलायला हवी होती. मी पेटी आणून बदलली. त्याने पाय ओढून घेतला नाही. बांधून झाल्यावर उठला, भिंतीला धरून, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी मी थंय असतलंय."

थंय म्हणजे कोर्टात की मला अडवायला वेशीवर, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्याने वेशीवर म्हटलं असतं, तर मी गेले नसते असं मला वाटतं, आणि जायचं तर आहे.

संचिता येणार आहे. काशीबाई बाळाला घेऊन येणार आहे. आम्ही तिघी सकाळच्या पहिल्या एसटीने निघू. मंगळवार, २३ डिसेंबर.